मुकी स्प्रिंग

माझे दोन्ही पाय लहानपणीच्या तापात गेले. गेले म्हणजे जागेवर आहेत, पण कामाचे नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण लोकांना विचारायची लय हौस असते आणि विचारताना ते भलतीकडंच बघत असतात. काखेत कुबड्या घेऊन मी घरभर फिरते, भांडायचं असलं तर गल्लीच्या तोंडापर्यंत जाते. पण शिलाई मशीनचं पायडल काही मला मारता आलं नाही, आणि पुढचं सगळं त्या एका पायडलापायी झालं.

तेव्हा आम्ही पूर्णेला राहायचो, स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत. माय, दादा आणि मी. वडील वाणी होते. ते गेले आणि त्यांच्यामागं किराण्याचं दुकानही गेलं. उरला एक तराजू आणि ज्वारी मोजायची पितळी मापं. थोरला भाऊ, म्हणजे दादा, रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होता. हाडाचा खटपट्या माणूस. घरातलं घड्याळ असो की शेजारणीचा स्टोव्ह, उघडून बघितल्याशिवाय त्याला घास गोड लागायचा नाही. माय लोकांच्या घरी शेवया, पापड, लोणची करायला जायची आणि दिवेलागणीला परत यायची.

माझ्याकडं हातानं फिरवायची मशीन होती. उजव्या हातानं हँडल फिरवायचं, डाव्या हातानं कापड सरकवायचं. परकर, अभ्रे, पिशव्या, सरळ शिवण असली की माझी मशीन पळायची. परकराच्या कामात आमच्या गल्लीत माझा हात धरणारं कुणी नव्हतं; वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात ना, तशी मी. पण ब्लाउजचा गळा आला की फजिती. गळ्याच्या गोलाईला दोन्ही हात कापडावर लागतात. एका हातानं गोल शिवायला जावं तर गळा पूर्णेला राहतो आणि शिवण गंगाखेडला जाते. बाजारातल्या कापड दुकानदारानं मला स्वच्छच सांगितलं होतं, "बाई, परकराला मला मायंदाळ बाया हायत. ब्लाउज जमायला लागले तर बारा महिने काम देतो."

ते बारा महिन्यांचं काम मला का हवं होतं, तेही सांगते. उन्हाळ्यात दादाला मुलगी सांगून आली, राणीसावरगावची. मुलीचा मामा घर बघायला आला. चहा घेतला, भिंती बघितल्या, छपराचे पत्रे बघितले आणि शेवटी माझ्या कुबड्यांवर येऊन थांबला. माझ्या देखत मायला म्हणाला, "समदं ठीक हाय, पर ह्या पोरीचं काय? आमच्या पोरीनं जन्मभर हिला पोसायचं का?"

मायनं पदर तोंडाला लावला. दादाचे कान लाल झाले. मला असा संताप आला की काय सांगू. मी म्हणाले, "मामा, माझं मी पोसते. तुमी फकस्त चहात साखर बरोबर हाय का तेवढं सांगा."

मामा हसला नाही. "दिवाळीनंतर बघू," म्हणाला आणि चपला घालून गेला. म्हणजे दिवाळीपर्यंत मला माझं पोसून दाखवायचं होतं. त्या घरातून मला कुठं जायचं नव्हतं, पण येणाऱ्या भावजयीच्या ताटातलं खाऊन तिथं राहायचंही नव्हतं.

दादाच्या डोक्यात त्याच दिवशी काहीतरी शिजायला लागलं. रात्री जेवताना म्हणाला, "तायडे, तुला तिसरा हात पायजे. तू सरळ शिवण मारायलीस तवा तुझा हात हँडलवर. गळा आला की दोन्ही हात कापडावर. तेवढ्यापुरती मशीन आपली आपण पळाली पायजे." मी म्हणाले, "मग भूत बसव एखादं." तो म्हणाला, "भूत न्हाई. स्प्रिंग."

बाजारात त्याला एक मोडका ग्रामोफोन मिळाला. त्यातली स्प्रिंग काढून त्यानं पाइपाच्या तुकड्याच्या डब्यात बसवली, सायकलची साखळी जोडली, आणि माझ्या कोपराखाली येईल अशी एक लाकडी पट्टी लावली. घड्याळाला देतात तशी मोठी चावी द्यायची, स्प्रिंग डब्यात गच्च गुंडाळली जायची. कोपर दाबलं की मशीन धावायची, उचललं की थांबायची. पहिल्यांदा ती आपली आपण धावली तेव्हा मी एवढ्यानं ओरडले की शेजारीण पोळी लाटता लाटता लाटणं घेऊनच आली.

पण ग्रामोफोनची स्प्रिंग अर्ध्या गळ्यातच दमायची. उरलेल्या गळ्यासाठी पुन्हा चावी. थोड्या आठवड्यांनी तर ती पार ढिली पडली, आणि एक दिवस डब्यातल्या डब्यात तुटली. दुसरी आणली, तिचीही तीच गत. एक मात्र होतं. ती जुनी पोलादी स्प्रिंग पुरी भरत आली की कण्हायची. डब्यातून कुरकुर आवाज यायचा, पोट भरलं म्हणून सांगितल्यासारखा. तिच्या आवाजावरून मला आत किती आहे ते कळायचं.

पावसाळ्यात दादा पास काढून सिकंदराबादला गेला आणि तिथल्या भंगार बाजारातून एक पट्टी घेऊन आला. बोटभर रुंद, नखासारखी पातळ, किंचित निळसर. तारेनं घट्ट बांधलेली होती. तिच्याकडं तो असा बघत होता की मायला वाटलं, मुलगीच पसंत करून आला.

"हे नुसतं पोलाद न्हाई," तो सांगायला लागला. "ह्यात कोबाल्ट हाय, निकेल हाय, आनखी काय काय मिसळलंय. मोठ्या यंत्रांच्या घड्याळात घालतेत. गंजत न्हाई, दमत न्हाई. पोलाद रोज ताणलं की हळूहळू आपला आकार इसरतंय, ही इसरत न्हाई. त्याच डब्यात दुप्पट ताकद मावतीय."

"म्हणजे ही ताकद तयार करती?" मी विचारलं.

"छ्या! तयार कुणीच करत न्हाई. तू हातानं जेवढी भरशील तेवढीच ती परत देणार. उलट थोडी कापूनच."

"म्हणजे मामासारखी."

"मामा काय देतोय? तो तर चहा पिऊन गेला." आम्ही दोघं इतके हसलो की माय रागावली.

नव्या स्प्रिंगनं एका चावीत अख्खा गळा व्हायला लागला. वरून बाहीची गोलाईही निघायची. पहिलं ब्लाउज मायचं शिवलं. ते घालून ती विनाकारण दोनदा विहिरीवर जाऊन आली. दुसरं घेऊन दादा कापड दुकानात गेला. दुकानदारानं गळा उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला, आणि कापलेल्या ब्लाउजांचं गाठोडं बांधून दिलं. श्रावण सरता सरता मला वेळ पुरेना झाला. मी इतकी खूश होते की भांडायलासुद्धा जात नव्हते.

एक गोष्ट मात्र दादाला खटकत होती. ही नवी स्प्रिंग मुकी होती. कितीही भरा, हूं की चूं नाही. भरलेली असो की रिकामी, डबा बाहेरून तसाच दिसायचा. दादा एरवी थट्टेखोर, पण त्या दिवशी त्यानं मला आणि मायला दोघींना समोर बसवून सांगितलं, "ह्या डब्यात बैल कोंडलाय असं समजा. संध्याकाळी काम संपलं की कोपर दाबून तिला मोकळी पळू द्यायची, थांबंस्तोवर. भरलेली ठेवायची न्हाई. आणि डब्याचं झाकण मी सोडून कुणी उघडायचं न्हाई." आम्ही मान डोलावली. रोज संध्याकाळी मी बिनकापडाची मशीन पळवून तिला रिकामी करायची. माझा दंड दुखायला लागला की कधीकधी माय चावी द्यायची. पुढं फिरेना झाली की भरली, एवढं तिला माहीत होतं.

अष्टमीच्या संध्याकाळी दादा म्हणाला, "साखळी करकरायलीय. उद्या खंडेनवमी, परवा दसरा. दसरा झाला की डबा उघडून वंगण घालतो." त्याच्यासमोरच मी कोपर दाबलं. मशीन पळाली, मंदावली, थांबली. त्यानं स्वतः चाक हलवून बघितलं आणि कामावर गेला.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात, हे काही नवं नाही, सगळीकडंच पुजतात. वडिलांचा तराजू, मापं, दादाचे पाने-हातोड्या, माझी कात्री आणि मशीन, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडायचं, विभूतीची बोटं ओढायची, झेंडूची फुलं वाहायची. एकदा पूजा झाली की दसरा होईपर्यंत कशालाच हात लावायचा नाही. घरात कात्रीसुद्धा चालायची नाही. दादा त्या दोन दिवसांत नखं काढायलाही भ्यायचा. पण आमच्या घरची म्हणून एक रीत होती, दुकानापासूनची. वाण्याच्या घरात रिकामं माप पुजायचं नाही. रिकामं पुजलं तर वर्ष रिकामं जातं, असं आजीनं मायला सांगितलेलं. म्हणून मापं ज्वारीनं शिगोशीग भरून ठेवायची. तेलाची बुधली भरून, कुंकवाचा करंडा भरून. माय त्या दिवशी मिठाची बरणीही रिकामी दिसू द्यायची नाही.

दसरा छान झाला. दादानं आपट्याची पानं आणली, मला देताना म्हणाला, "घे, मालकीणबाई." दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाने-हातोडी घेऊन मशीनपाशी बसला. मी समोरच दाराशी ज्वारी निवडत होते. त्यानं फुलं बाजूला केली, मशीनला नमस्कार केला आणि झाकणाचे नट सोडायला घेतले.

आवाज मोठा झाला नाही. शीळ घातल्यासारखा झाला आणि मग पत्रा फाटल्यासारखा. पट्टी खोलीभर उलगडली. दादा ओरडला नाही. डावा हात उजव्या हातात धरून तो त्याकडं बघत राहिला, आणि मग रक्त दिसलं. माझ्या कुबड्या भिंतीशी होत्या. मी तशीच फरफटत त्याच्याकडं गेले, ज्वारी सगळी अंगाखाली. ह्या पायांचा मला आयुष्यात एवढा राग कधी आला नाही. गल्ली गोळा झाली. माझ्या शिवायच्या कपड्यांतलंच एक कापड त्याच्या हाताला गुंडाळून लोकांनी त्याला नांदेडच्या गाडीत घातलं. माय सोबत गेली.

घरात मी एकटी आणि ती पट्टी. कोपऱ्यात पडली होती मेली, चकचकीत, ओरखडासुद्धा न आलेली. रडून झालं तसं मला एकच सुचायला लागलं. मी रिकामी केली होती. दादानं चाक हलवून बघितलं होतं. मग आत ताकद आली कुठून? दोन दिवस तर हत्याराला हात लावायचा नव्हता. आपल्या घरात ती रीत कुणी मोडणार नाही, ह्या भरवशावरच त्यानं पुन्हा बघितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी माय कपडे न्यायला आली. डाव्या हाताची तीन बोटं काढावी लागली, असं तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. ती दादाचं धोतर घडी घालत असताना मी विचारलं, "माय, मशीनला तू चावी दिली होतीस का?"

"दिली की," ती म्हणाली. "पूजेच्या सकाळी. तू न्हायला गेली होतीस. समदी मापं भरलेली आन् तुझी मशीनच तेवढी रिकामी, कशी पुजायची? पुढं फिरंना तवर भरली. तुला वरीसभर काम मिळावं म्हणून." घडी घालता घालता तिनं माझ्याकडं बघितलं. "का गं?"

"काही न्हाई," मी म्हणाले.

पुढच्या खेपेला शेजाऱ्यांच्या आधारानं मीही दवाखान्यात गेले. माय पाणी आणायला गेल्यावर दादा हळूच म्हणाला, "तायडे, मायला काही इचारू नकोस." मी म्हणाले, "तुला कसं कळलं?" तो म्हणाला, "रिकामं पुजायचं न्हाई. मी त्याच घरातला हाय ना? झाकण सुटलं तवाच ध्यानात आलं. पर तवर..." आणि त्यानं पट्टी बांधलेला हात पांघरुणाखाली घेतला. डॉक्टरांना, शेडमधल्या साहेबांना, भेटायला आलेल्या सगळ्यांना त्यानं एकच सांगितलं, रिकामी करायला मीच विसरलो. शेडमधले सोबती तोंडावर हळहळले आणि माघारी हसले. फिटर असून भरलेली स्प्रिंग उघडली म्हणे! ते त्याच्या कानावर यायचं. बोटं गेल्याचं त्याला जेवढं लागलं नसेल तेवढं हे लागलं. मला वाटायचं, त्या लोकांपुढं जाऊन ओरडून सांगावं. पण सांगायचं म्हणजे मायचं नाव घ्यायचं.

शेडमधून त्याला काढलं नाही, पण फिटरचं काम गेलं. फाटकावर बसवलं, झेंडी दाखवायला. राणीसावरगावहून मामाचा निरोप आला की मुलीला दुसरीकडं बघतोय. मी म्हणाले, "एकदा समोर आला ना, कुबडीच घालते डोक्यात." दादा म्हणाला, "जाऊ दे, चहाची साखर वाचली." बोलला थट्टेनं, पण त्या दिवशी तो जेवला नाही. ती स्प्रिंगची पट्टी त्यानं स्वतःच कुठंतरी नेऊन टाकली. मी विचारलं नाही.

माझ्यापाशी दिवाळीच्या ब्लाउजांचं गाठोडं तसंच पडलं होतं. सरळ शिवणी मारून ठेवल्या होत्या, गळे राहिले होते. आता परत करावं लागणार म्हणून मी ते बांधत होते. दुपारची वेळ. माय त्या दिवशी कुणाकडं पापड लाटायला गेली नव्हती. ती आली, माझ्या उजव्या अंगाला पाट टाकून बसली आणि हँडल धरलं.

"शिव," म्हणाली.

"माय, तुझी कामं?"

"शिव म्हणते ना."

मी दोन्ही हात कापडावर ठेवले. ती फिरवायला लागली. सुरुवातीला जोरात, मग माझ्या हाताकडं बघत हळू. गळा बरोबर गोल आला. दिवाळीच्या आधी सगळी ब्लाउजं दुकानात पोचली. त्यानंतर माय दुसऱ्यांच्या घरी गेलीच नाही. रोज माझ्या शेजारी बसून हँडल फिरवायची. गोलाई आली की मी सांगायच्या आधी तिचा हात मंद व्हायचा. दंडाला रात्री तेल चोळायची आणि सकाळी पुन्हा बसायची. तिघांची चूल त्यावर आणि दादाच्या फाटकावर चालली. मला वाटायचं, माझी कीव येऊन ती हे करते आहे. कधी चिडून म्हणायचे, "मला काय लहान लेकरू समजायलीस?" ती हँडल फिरवत राहायची. वर्षभर घरात स्प्रिंगचं नाव कुणी काढलं नाही. आपण दोघांनी मायला सांभाळलं, असं दादाला आणि मला वाटत होतं.

पुन्हा खंडेनवमी आली. मायनं पाट मांडला. तराजू ठेवला, कात्री ठेवली, दादाचे पाने ठेवले, जे आता कुणी वापरत नव्हतं. मापं चिंचेनं घासून लख्ख केलेली होती. दादा आणि मी शेजारी बसलो. मी बघितलं, मापं रिकामी होती. सगळी.

"माय, ज्वारी घालायची राहिली," मी म्हणाले.

"असू दे."

मी दादाकडं बघितलं. त्याला वाटलं मी सांगितलं असेल; मला वाटलं त्यानं. आम्ही दोघांनीही ‘न्हाई’ म्हणून माना हलवल्या. मायनं मापांना विभूती लावली, मशीनला लावली. मग दादाचा डावा हात ओढून पाटावर घेतला आणि राहिलेल्या दोन बोटांवर विभूती ओढली. त्याला हात मागं घेता आला नाही.

"कवा कळलं तुला?" मी विचारलं.

"तू ‘काही न्हाई’ म्हणलीस ना, तवाच," ती म्हणाली. "तू कवा इतकं थोडं बोलतीस?"

"मग वरीसभर बोलली का न्हाईस?"

तिनं विभूतीचा हात पदराला पुसला. "तुमी दोघं कवा बोललात?" म्हणाली, आणि नैवेद्य आणायला उठली.

मला रडू आलं आणि मी ते आवरायला गेलेही नाही. दादा पाटाकडं बघत बसला होता, हात तसाच ठेवून. दसरा होईपर्यंत मशीनला हात लावायचा नव्हता. ते दोन दिवस माय घरभर रिकामी फिरत होती, काही ना काही हलवत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी कुबड्या घेऊन उठले, तेव्हा ती माझ्या आधीच मशीनशेजारी पाटावर येऊन बसली होती आणि तिचा हात हँडलवर होता.